कुटुंब आणि पालकत्वासाठी ऑनलाइन थेरपी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"याला जरा तुम्हीच समजावून सांगा, आमचं काही ऐकत नाही." कौटुंबिक समुपदेशनासाठी येणारा पहिला फोन बहुधा असाच असतो. मुलाला अर्धा तास स्क्रीनसमोर बसवलं, कुणी जाणत्या माणसाने चार गोष्टी सांगितल्या की ते वळणावर येईल, अशी अपेक्षा असते. थेरपीचं काम त्यापेक्षा बरंच वेगळं आहे. पालक नेहमी विचारतात ते प्रश्न खाली घेतले आहेत.

ऑनलाइन थेरपीत नेमकं होतं काय? नुसत्या गप्पाच ना?

ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल होतो, साधारण ४५ ते ६० मिनिटांचा. सुरुवातीची एक-दोन सत्रं माहिती घेण्यात जातात. त्रास कधीपासून आहे, घरात कोण कोण आहे, मूल झोपतं किती, शाळेतून काय कळतं, आधी काही आजारपण, मृत्यू, स्थलांतर झालं का, रागावल्यावर घरात कोण काय करतं, असे प्रश्न असतात. काही प्रश्न बिनकामाचे वाटतील, पण उत्तरं द्या. झोप पुरेशी नसलेल्या मुलाचा चिडचिडेपणा आणि शाळेत कुणी छळत असलेल्या मुलाचा चिडचिडेपणा बाहेरून अगदी सारखा दिसतो.

मग उद्दिष्ट ठरतं. "तो शहाण्यासारखा वागला पाहिजे" हे उद्दिष्ट म्हणून चालत नाही, कारण ते कधी पूर्ण झालं हे कुणालाच सांगता येणार नाही. "शाळेच्या दिवशी सकाळी आरडाओरडा न होता सगळे घराबाहेर पडले पाहिजेत" हे चालतं. त्यानंतर दर सत्रात एखादी गोष्ट ठरते, ती आठवडाभर घरी करून बघायची आणि पुढच्या वेळी काय जमलं, काय फसलं ते बोलायचं. खरं काम दोन सत्रांच्या मधल्या दिवसांत होतं. सत्रात छान बोलून आठवडाभर सगळं पूर्वीसारखंच चालू राहिलं, तर त्या गप्पाच.

स्क्रीनवरून खरंच उपयोग होतो का? समोरासमोर बसण्याची सर येते का?

ही शंका जुनी आहे आणि दुरून उपचार करण्याचा प्रयोगही जुनाच. १९५९ साली अमेरिकेतल्या नेब्रास्का सायकियाट्रिक इन्स्टिट्यूटमध्ये दुतर्फा टेलिव्हिजनवरून गट-उपचार घेतले गेले होते.

पालकत्वापुरतं बोलायचं तर एक अभ्यास मुद्दाम सांगण्यासारखा आहे. लहान मुलांच्या हट्टीपणावर आणि आक्रमक वागण्यावर 'पॅरेंट-चाइल्ड इंटरॅक्शन थेरपी' नावाची पद्धत आहे. शीला आयबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी ती १९७०च्या दशकात विकसित केली. यात पालक मुलाशी खेळत असतात, थेरपिस्ट एकतर्फी आरशामागून बघतात आणि पालकाच्या कानातल्या छोट्या यंत्रातून तिथल्या तिथे सूचना देतात. जोनाथन कोमर आणि सहकाऱ्यांनी हेच वेबकॅम आणि इअरफोन वापरून थेट घरी करून पाहिलं. ३ ते ५ वर्षांच्या ४० मुलांवरच्या त्यांच्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. घरून उपचार घेतलेल्या मुलांमधला फरक क्लिनिकमध्ये येणाऱ्यांच्या तोडीचा होता, काही बाबतींत जास्तच. ४० हा आकडा लहान आहे हे खरं. तरीही निकाल पटण्यासारखा वाटतो, कारण मूल हट्ट करतं ते स्वतःच्या घरात, स्वतःच्या खेळण्यांसाठी. क्लिनिकमधल्या अनोळखी खोलीत तेच मूल पाहुण्यासारखं गुणी वागतं आणि आईबाबा थेरपिस्टकडे बघून म्हणतात, "घरी असं नसतं हो!"

कानातल्या सूचनेचा प्रकार कसा असतो ते सांगतो. चार वर्षांची मुलगी ठोकळ्यांचा मनोरा करतेय. बाबा शेजारी बसून विचारतात, "हा कुठला रंग? किती ठोकळे झाले? इथे निळा का नाही लावलास?" कानात आवाज येतो, "प्रश्न थांबवा. ती करतेय तेवढंच बोला." बाबा अवघडून म्हणतात, "तू लालवर पिवळा ठेवलास." मुलगी वर बघते, पुन्हा ठोकळा उचलते. कानात, "किती हळू ठेवला बघा, तेच सांगा." बाबा म्हणतात, "किती जपून ठेवतेस गं." मुलगी बाबांच्या जवळ सरकते. रोज पाच मिनिटांचा असा खेळ, ज्यात परीक्षा नाही, आज्ञा नाही, चुका काढणं नाही. ऐकायला पोरखेळ वाटतो. करून बघा, पहिल्या दोन मिनिटांतच आपण मुलाशी बोलताना किती प्रश्न विचारतो ते कळतं.

मुलगा थेरपिस्टशी बोलायलाच तयार नाही. मग थेरपी करायची कुणाची?

तुमची. हे उत्तर बऱ्याच पालकांना झोंबतं, म्हणून जरा सविस्तर.

रोजचा एक प्रसंग घ्या. आई म्हणते, "मोबाईल ठेव, आंघोळीला जा." मुलगा म्हणतो, "पाच मिनिटं." आई तेच पुन्हा सांगते, पुन्हा सांगते, चौथ्या वेळी आवाज चढतो. मुलगा त्याहून मोठ्याने ओरडतो, दार आपटतो. आई थकून म्हणते, "जा, कर काय करायचं ते कर." घर शांत होतं. यात मुलगा काय शिकला? आवाज पुरेसा चढवला की आज्ञा मागे घेतली जाते. आई काय शिकली? सोडून दिलं की शांतता मिळते. दुसऱ्या दिवशी बाबा एकदम हात उगारून किंचाळतात आणि मुलगा निमूट उठतो. बाबा शिकले की किंचाळल्याशिवाय या घरात काही होत नाही. कुणीही कुणाला मुद्दाम बिघडवत नाहीये, पण जो तो दुसऱ्याला चढ्या आवाजाची सवय लावतोय. अमेरिकेतल्या ऑरेगॉनमध्ये जेराल्ड पॅटरसन यांनी वर्षानुवर्षं कुटुंबांच्या घरी निरीक्षक पाठवून, कोण काय बोललं आणि त्यावर दुसऱ्याने काय केलं याच्या नोंदी करून हे चक्र उलगडून दाखवलं. आजचे पालक-प्रशिक्षणाचे बरेच कार्यक्रम त्या कामावर उभे आहेत.

अशा चक्रातून एका बाजूने पाऊल बाहेर टाकलं तरी ते तसंच फिरत राहू शकत नाही. पाऊल मोठ्या माणसाने आधी टाकायचं, कारण त्याच्याकडे वय आहे, अनुभव आहे आणि घराचे नियमही त्याच्याच हातात आहेत. म्हणून थेरपिस्ट पालकांबरोबर बारीक गोष्टींवर काम करतात. आज्ञा दुसऱ्या खोलीतून ओरडून द्यायची नाही, जवळ जाऊन एकदाच द्यायची. वाक्य लहान ठेवायचं. मग गप्प बसायचं. ही गप्प बसण्याची दहा सेकंदं भल्याभल्यांना जमत नाहीत.

चिंताग्रस्त मुलांच्या बाबतीतही असाच अनुभव आहे. येल विद्यापीठातल्या एली लेबोविट्झ यांनी फक्त पालकांबरोबर चालणारी एक उपचारपद्धती तयार केली आहे. मुलाच्या भीतीपायी घर किती वाकलंय ते पालकांनी ओळखायचं आणि ते वाकणं हळूहळू कमी करायचं. मुलगी एकटी झोपत नाही म्हणून आई तिच्या खोलीत, मुलगा पाहुण्यांशी बोलत नाही म्हणून त्याच्या वतीने बाबा उत्तर देणार, असं ते वाकणं असतं. १२४ मुलांवरच्या त्यांच्या अभ्यासात, पालकांनाच भेटलेल्या गटातल्या मुलांची चिंता मुलांना थेट थेरपी दिलेल्या गटाइतकीच कमी झाली. मूल एकदाही थेरपिस्टसमोर बसलं नव्हतं.

तेव्हा मुलाला ओढून स्क्रीनसमोर बसवू नका. "आम्ही आमच्यासाठी शिकतोय, तुला कधी यावंसं वाटलं तर ये," एवढं सांगून ठेवा. काही मुलं तिसऱ्या-चौथ्या सत्राला दारामागून कान देतात आणि पाचव्याला स्वतःहून आत येतात. काही कधीच येत नाहीत आणि तरी घर बदलतं.

सांगितल्याप्रमाणे वागायला लागलो आणि मूल आधीपेक्षा जास्त बिथरलं. म्हणजे पद्धत चुकीची आहे?

बहुतेक वेळा उलटं असतं. इतके दिवस रडल्यावर जे मिळत होतं ते अचानक मिळेनासं झालं, तर मूल आधी जास्त रडून बघणार. वागणूक बदलण्याआधी ती काही दिवस उसळते, हे या क्षेत्रात सर्वांना ठाऊक आहे. नेमक्या याच टप्प्यावर पालक "आमच्याकडे हे चालत नाही" म्हणून सोडून देतात, आणि मूल शिकतं की आता आणखी जोर लावावा लागतो. म्हणून नवा नियम परीक्षेच्या आठवड्यात किंवा घरी कुणी आजारी असताना सुरू करू नये. पंधरा दिवस नेट धरता येईल असा काळ निवडा आणि एका वेळी एकच नियम हाती घ्या. मात्र मूल स्वतःला इजा करायला लागलं, खाणंपिणं सोडलं, तर ही नेहमीची उसळी नव्हे. पुढच्या सत्राची वाट न बघता थेरपिस्टना कळवा.

थेरपिस्ट कुणाची बाजू घेतात?

कुणाचीच नाही, आणि प्रत्येकाला कधी ना कधी वाटतं की समोरच्याची घेतायत. कौटुंबिक थेरपीचे एक प्रमुख प्रवर्तक साल्वादोर मिनुचिन तर कोंडी फोडण्यासाठी मुद्दाम, काही वेळापुरतं, एखाद्याच्या बाजूने झुकत. ते तंत्र आहे, पक्षपात नव्हे. सलग तीन-चार सत्रं आपल्याला कुणी ऐकतच नाहीये असं वाटलं तर मनात ठेवू नका, तोंडावर बोला. चांगला थेरपिस्ट त्याने दुखावत नाही.

नवरा म्हणतो, "ही सगळी थेरं आहेत." मी एकटीने सुरू केलं तर चालेल?

चालेल. एका पालकाने वागणं बदललं तरी मुलाला फरक जाणवतो. जोडीदाराला पटवण्यासाठी "तुझ्यामुळे हे होतंय, चल थेरपीला" हे वाक्य सोडून काहीही वापरा. "मला जमत नाहीये, मला मदत हवीय, एकदा येऊन तुला काय दिसतं ते त्यांना सांग" यावर नकार देणं जड जातं. ऑनलाइनचा इथे खरा फायदा होतो. दुसऱ्या गावी नोकरीला असलेला किंवा प्रवासात असलेला पालक पंधरा मिनिटांपुरता जोडला जाऊ शकतो. थेरपीवर विश्वास नसलेली माणसंही पंधरा मिनिटांना सहसा नाही म्हणत नाहीत.

दोघांची मतं वेगळी असणं आपोआप वाईट ठरत नाही. मुलासमोर एकाने नाही म्हणायचं आणि दुसऱ्याने मागच्या दाराने हो म्हणायचं, याने मात्र गोंधळ वाढतो. आणि नवरा-बायकोचं आपसांत बोलणं बंद असलं की मूल निरोप्या होतं: "बाबांना सांग जेवण झालंय." दोघांमधला ताण तिसऱ्याला ओढून हलका करण्याच्या या प्रकाराला मानसोपचारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी त्रिकोण म्हटलं. वरवर क्षुल्लक दिसतं, पण त्या मुलाला दोन्हीकडचा ताण सांभाळावा लागतो. आजी-आजोबा एकत्र राहत असतील तर एखाद्या सत्राला त्यांनाही घ्या. "तुम्ही लाडावून ठेवलंय" हे ऐकवायला नव्हे. ते मुलाला रोज बघतात, आणि घरात काय ठरलंय हे त्यांना नातवाकडून कळण्यापेक्षा थेट कळलेलं बरं.

मूल किती वर्षांचं असलं की थेरपी घेता येते?

पालकांच्या थेरपीला मुलाच्या वयाची अट नाही; तान्ह्या बाळाच्या आईबाबांनाही ती घेता येते. बाळंतपणानंतरचं नैराश्य हे तर लवकर मदत घेण्याचं मोठं कारण. मुलाने स्वतः स्क्रीनवर बोलायचं असेल तर साधारण आठ-नऊ वर्षांच्या आतली मुलं फार वेळ टिकत नाहीत. मध्येच उठतील, कॅमेऱ्यात तोंडं वेंगाडतील, मांजर आणून दाखवतील. थेरपिस्टना याची सवय असते. अशा वयात चित्रं, बाहुल्या, खेळ यांच्या आधाराने आणि पालकांना सोबत घेऊन काम होतं. वयात आलेल्या मुलांना उलट स्क्रीन सोयीची वाटते. आपल्या खोलीत, आपल्या पलंगावर बसून, कधी कॅमेरा बंद ठेवूनही ती बरंच बोलून जातात.

मोबाईलमुळेच तर सगळे वाद आहेत. त्यावर उपाय म्हणून पुन्हा स्क्रीनच?

विचित्र वाटतं खरं. पण स्क्रीनवर काय चाललंय याने फरक पडतो. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली दीड वर्षाखालच्या बाळांना स्क्रीनपासून दूर ठेवायला सांगितलं, तेव्हाही व्हिडिओ कॉलला सूट दिली होती, कारण पलीकडे प्रतिसाद देणारं माणूस असतं.

मोबाईलच्या भांडणात थेरपिस्ट सहसा आधी तास मोजत नाहीत. मूल मोबाईलवर काय करतं आणि तो नसता तर कुठे गेलं असतं, हे विचारतात. एखाद्याचे सगळे मित्र खेळातच भेटतात, एखादीला शाळेतल्या अपमानातून सुटका हवी असते, एखाद्याला अभ्यास झेपत नसतो. कारण वेगळं, तर तोडगाही वेगळा. एक नियम मात्र जवळपास सगळीकडे उपयोगी पडतो: रात्री घरातले सगळे मोबाईल झोपायच्या खोलीबाहेर चार्जिंगला. सगळे म्हणजे पालकांचेही. इथेच बहुतेक घरांत चर्चा थांबते.

घर लहान आहे, सगळे असतात. बोलायचं कुठे?

ऑनलाइन थेरपीतली ही सगळ्यात खरी अडचण आहे. इअरफोन हवेतच. त्याने निदान थेरपिस्टचं बोलणं बाहेर जात नाही. दाराबाहेर पंखा किंवा रेडिओ लावून ठेवला की आतले शब्द कळत नाहीत. काहीजण उभ्या असलेल्या गाडीत बसतात, काही गच्चीवर, काही कामाच्या ठिकाणी रिकाम्या खोलीत. गाडी चालवताना सत्र घेऊ नका, कितीही वेळ वाचत असला तरी. अवघड विषय असेल तेव्हा थेरपिस्टशी आधी एखादा परवलीचा शब्द ठरवून ठेवा. तो उच्चारला की कुणीतरी जवळ आलंय असं समजून विषय बदलायचा. मुलाचं सत्र असेल तर ती खोली, ती वेळ त्याची. कपडे घडी करायच्या निमित्ताने आत जायचं नाही.

मुलाने थेरपिस्टला सांगितलेलं आम्हाला सांगतील का?

सगळं नाही. किती सांगायचं हे पहिल्याच सत्रात, मुलासमोर ठरवून घ्यायचं असतं. साधारण रीत अशी की मुलाच्या प्रगतीची दिशा पालकांना कळते, शब्दन् शब्द कळत नाही. सोळा वर्षांच्या मुलीने कोण आवडतं ते सांगितलं तर ते तिच्यापाशी. जीव धोक्यात असेल, मूल स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याच्या बेतात असेल, किंवा त्याच्यावर अत्याचार होत असल्याचं कळलं, तर थेरपिस्टना गोपनीयता मोडावी लागते. अत्याचाराची माहिती संबंधित यंत्रणेला देणं अनेक देशांत कायद्याने बंधनकारक आहे. सज्ञान नसलेल्या मुलासाठी पालकांची संमती कधी लागते, नोंदी कुणाला बघता येतात, हेही जागोजागी वेगळं आहे. तेव्हा विचारून लेखी घ्या.

सत्र संपल्यावर "काय विचारलं रे? माझ्याबद्दल काय सांगितलंस?" हा मोह आवरा. दोनदा विचारलंत की तिसऱ्या सत्राला मूल जेवढं तुम्हाला सांगता येईल तेवढंच बोलेल.

कॉल रेकॉर्ड होतो का?

तुमच्या परवानगीशिवाय होता कामा नये, आणि तुम्हीही गुपचूप करू नका. जोडीदाराविरुद्ध पुरावा म्हणून सत्र रेकॉर्ड करणारी माणसं असतात. त्यानंतर थेरपी उरत नाही. ॲप वापरत असाल तर खातं उघडण्याआधी गोपनीयतेचं धोरण वाचा: माहिती कुठे साठवतात, जाहिरातदारांना देतात का, खातं बंद केल्यावर पुसतात का. मुलाच्या नावाचं सत्र घरातल्या सामाईक टॅबवर, सामाईक कॅलेंडरात दिसणार नाही याचीही काळजी घ्या. गळती बहुधा हॅकरकडून नव्हे, अशा ठिकाणाहूनच होते.

थेरपिस्ट खरोखर शिकलेले आहेत हे कसं ओळखायचं?

सरळ विचारा. शिक्षण काय, नोंदणी किंवा परवाना कुठला, मुलं आणि कुटुंबांबरोबर किती काळ काम केलंय, स्वतःच्या कामावर वरिष्ठांचं मार्गदर्शन घेता का. शेवटचा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही, पण त्याच्या उत्तरावरून पुष्कळ कळतं. नोंदणी क्रमांक मिळाला तर संबंधित परिषदेच्या यादीत पडताळा. तुम्ही परदेशात असाल तर आणखी एक गोष्ट: अनेक ठिकाणी थेरपिस्टना रुग्ण जिथे बसलाय तिथली परवानगी लागते, स्वतः जिथे बसलेत तिथली पुरत नाही.

पहिल्या भेटीतच "आठ सत्रांत मूल बदलून देतो" म्हणणारा, मुलाला न बघता निदान ठोकणारा किंवा वर्षभराचे पैसे आधी मागणारा भेटला तर तिथूनच परत फिरा. आणि समाजमाध्यमांवरची अनुयायांची संख्या ही पात्रता नव्हे.

समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ... यातले कोण?

मानसोपचारतज्ज्ञ वैद्यकीय डॉक्टर असतात आणि औषधं देतात. मानसशास्त्रज्ञ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) चाचण्या, निदान आणि थेरपी करतात. समुपदेशक आणि कौटुंबिक थेरपिस्ट नात्यांवर आणि रोजच्या अडचणींवर काम करतात. कुठूनही सुरुवात करा. गरज पडली तर ते पुढे पाठवतात. स्वमग्नता, अतिचंचलता किंवा अध्ययन-अक्षमतेची शंका असेल तर मात्र सविस्तर तपासणी लागते, आणि त्यातला बराच भाग प्रत्यक्ष भेटीतच नीट होतो.

चॅटबॉटशी बोललं तर काय हरकत आहे? तो रात्री दोनलाही जागा असतो.

१९६६ साली अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या जोसेफ वायझेनबाउम यांनी एलायझा नावाचा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. समोरच्याचंच वाक्य फिरवून प्रश्न विचारण्यापलीकडे त्याला फारसं काही येत नव्हतं, तरी माणसं त्याच्यापाशी मन मोकळं करू लागली आणि वायझेनबाउम स्वतः हादरले. आजची यंत्रं कितीतरी हुशार आहेत. झोपेचं वेळापत्रक आखायला, उद्याचं अवघड बोलणं कसं मांडावं याचा सराव करायला ती कामी येतात. पण त्यांना तुमची एकच बाजू ऐकू येते. नवरा गप्प बसलाय आणि मुलगी नखं कुरतडतेय हे त्यांना तुम्ही लिहिल्याशिवाय कळत नाही, आणि त्या क्षणी तुम्हाला जे दिसलेलंच नाही ते तुम्ही लिहिणार कसं? मूल जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल बोलत असेल तर यंत्राशी चर्चा करत बसू नका.

मुलाने "मला जगायचं नाही" म्हटलं. लक्ष वेधायला म्हणतंय का?

तसं धरून चालू नका. शांतपणे, स्पष्ट शब्दांत विचारा: "तुझ्या मनात स्वतःला संपवण्याचे विचार येतायत का? कसं करायचं ते ठरवलंयस का?" विचारल्याने कल्पना डोक्यात शिरते हा गैरसमज आहे. विचारल्याने मूल एकटं राहत नाही. त्याला एकटं सोडू नका, औषधं आणि धोक्याच्या वस्तू कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी प्रत्यक्ष डॉक्टरांकडे न्या किंवा तिथल्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. पुढच्या मंगळवारच्या व्हिडिओ कॉलपर्यंत थांबायचं नाही.

आणखी कुठल्या वेळी ऑनलाइन नको?

घरात मारहाण किंवा धाक असेल तेव्हा. ज्याची भीती वाटते तोच भिंतीपलीकडे बसलेला असताना खरं बोलता येत नाही, आणि बोललं तर कॉल संपल्यावर त्याची किंमत मोजावी लागते. अशा जोडप्याने एकत्र सत्र घेणंही धोक्याचं. पीडित व्यक्तीला आधी वेगळी, सुरक्षित जागी मदत हवी. व्यसन हाताबाहेर गेलं असेल, खाण्याच्या विकाराने वजन झपाट्याने घटत असेल, भास होत असतील, तर आधी प्रत्यक्ष वैद्यकीय उपचार. ऑनलाइन आधार सोबत चालू राहू शकतो.

कधीतरी एक फटका दिला तर बिघडतं कुठे? आम्हीही मार खाऊनच मोठे झालो.

हा प्रश्न रागाने विचारला जातो आणि त्यामागे बहुधा अपराधीपणा असतो. एलिझाबेथ गर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६ साली जवळपास पन्नास वर्षांतले अभ्यास एकत्र तपासले. त्यात सुमारे १,६०,००० मुलांची माहिती होती. साध्या चापटीचाही संबंध जास्त आक्रमकतेशी आणि पालकांशी बिघडलेल्या नात्याशी दिसला. मूल ऐकायला लागतं असं काही दिसलं नाही. मार खाऊनही तुम्ही चांगले निपजलात, त्याचं श्रेय मारालाच द्यायचं का, हे ज्याचं त्याने बघावं. थेरपिस्ट यावरून तुम्हाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणार नाहीत. हात उठतो त्याच्या आधीच्या मिनिटात काय काय घडतं, ते तुमच्याबरोबर शोधतील.

आम्ही विभक्त होतोय. मुलाचा ताबा कुणाकडे हे थेरपिस्ट सांगतील का?

नाही. उपचार करणारी आणि न्यायालयासाठी मूल्यमापन करणारी व्यक्ती वेगळी असावी लागते. थेरपीत ठरतं ते मुलाला कसं सांगायचं, दोन घरांत कुठले नियम सारखे ठेवायचे, एकमेकांबद्दल मुलासमोर काय बोलायचं नाही, हे. ऑनलाइनमुळे दोघांना एका खोलीत बसावं लागत नाही, आणि कधी कधी तेवढ्यानेच बोलणं होतं.

आम्ही वाईट पालक आहोत का?

हे कुणी थेट विचारत नाही. सत्र संपता संपता, कॉल बंद करायच्या आधी, हसत हसत येतं. बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी आईकडून परिपूर्णतेची नव्हे, 'पुरेसं चांगलं' असण्याची अपेक्षा ठेवली. पुढे एड ट्रॉनिक यांनी आई-बाळाच्या खेळाचे व्हिडिओ बारकाईने पाहिले, तर चांगल्या जोड्याही फार थोडा वेळ, साधारण तीस टक्केच, एकमेकांच्या सुरात होत्या. बाकी वेळ सूर चुकत होते आणि पुन्हा जुळवले जात होते. त्या जुळवण्यातूनच बाळ शिकतं की बिनसलेलं पुन्हा नीट होतं. काल ओरडलात तर आज मुलाजवळ बसून "काल मी फार ओरडले, ते चुकलं. तरी गृहपाठ करायचाच आहे" असं म्हणता येतं. माफी मागितल्याने वचक जातो ही भीती अनाठायी आहे. मात्र त्या माफीला "पण तूही..." जोडलं की ती माफी राहत नाही.

किती सत्रं लागतात? फरक पडत नसेल तर?

लहान मुलांच्या वागणुकीसाठी पालक-प्रशिक्षण साधारण तीन-चार महिने चालतं. जुने, नात्यांतले तिढे जास्त वेळ घेतात. चार-पाच सत्रांनंतर थांबून हिशोब करा: सुरुवातीला ठरवलेल्या उद्दिष्टाकडे किती सरकलो? काहीच नाही, तर थेरपिस्टशी बोला, पद्धत बदला, मग गरज वाटली तर थेरपिस्टही बदला. न सांगता गायब होण्यापेक्षा एक निरोपाचं सत्र घ्या, विशेषतः मूल बोलत असेल तर. त्याच्यासाठी ते माणूस अचानक नाहीसं व्हायला नको.

पहिल्या सत्राआधी काय तयारी करू?

आठवडाभरातले दोन-तीन वादाचे प्रसंग चार ओळींत लिहून ठेवा: आधी काय झालं, कोण काय बोललं, शेवट कसा झाला. शाळेचे अहवाल, जुन्या तपासण्या, चालू औषधांची नावं जवळ असू द्या. मोबाईल हातात न धरता कशाला तरी टेकवून ठेवा, चेहऱ्यावर समोरून उजेड येऊ द्या, इतर सूचना बंद करा. दोन पालक एकाच स्क्रीनवर असतील तर दोघंही चौकटीत दिसताय ना ते बघा. नेट गेलं तर कुणी कुणाला कुठल्या नंबरवर फोन करायचा ते सुरुवातीलाच ठरवा, आणि तुम्ही त्या क्षणी कुठे बसलायत तो पत्ता थेरपिस्टना देऊन ठेवा. अडीअडचणीला मदत तिथेच पाठवावी लागते. सत्रानंतर दहा मिनिटं मोकळी ठेवा. लॅपटॉप मिटून लगेच ऑफिसच्या मीटिंगला किंवा मुलाच्या अभ्यासाला बसू नका.